पोटावरची पेटी: केरसी लॉर्ड, आमचे काका आणि माळ्यावरचा अकॉर्डियन

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या टिळकवाडीतल्या घरचा दरवर्षीचा कार्यक्रम. यंदा मखराच्या थर्माकोलमागे, जुन्या गाद्यांच्या खाली काळी पेटी सापडली. कड्या गंजलेल्या, आत लाल मखमल, आणि मखमलीवर आमच्या धाकट्या काकांचा अकॉर्डियन. होनर कंपनीचा, डावीकडे १२० बटणं, उजवीकडे ४१ पट्ट्या. आजी त्याला ‘पोटावरची पेटी’ म्हणायची. काका साधारण १९७२ पासून १९८९ पर्यंत बेळगावातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस त्यांचा पत्ता नसायचा. आज निपाणी, उद्या संकेश्वर, परवा चंदगड. पहाटे घरी यायचे ते खांद्यावर पट्ट्याचे लाल वळ घेऊन.

काकांना गुरू नाही. विचारलं की म्हणतात, “एक आहे, पण त्याला माहीत नाही.” तो म्हणजे केरसी लॉर्ड.

हे नाव किती जणांना माहीत आहे, अंदाज नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. केरसी लॉर्ड, जन्म १९३५, मुंबईचे पारशी. वडील कावस लॉर्ड, तालवाद्यांतले मोठे नाव. बोंगो, कोंगा, मराकस ही लॅटिन मंडळी हिंदी सिनेमात रुळवण्यात त्यांचा मोठा हात. धाकटा भाऊ बर्जोर, ड्रम आणि व्हायब्राफोन. म्हणजे घरात भांडी कमी आणि वाद्यं जास्त. केरसी कोवळ्या वयात नौशादच्या वाद्यवृंदात गेले आणि मग पुढची चार-पाच दशकं तिथलेच झाले. अकॉर्डियन, पियानो, ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य), पुढे सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं), शिवाय अरेंजर म्हणून पार्श्वसंगीताची कामं. २०१६ मध्ये गेले.

‘आराधना’ (१९६९) मधलं ‘रूप तेरा मस्ताना’ सगळ्यांनी ऐकलंय. त्यातला अकॉर्डियन केरसींचा. आम्ही लहान असताना काका आम्हाला ते गाणं लावून विचारायचे, “काय ऐकलंस?” आम्ही म्हणायचो, किशोरकुमार. काका टेप मागे घ्यायचे. “किशोर श्वास घेतो तेव्हा कोण बोलतंय ते ऐक.” तिथं खरंच कोणीतरी बोलत असतं. ओळ संपते, आणि तो भाता असा उसासा टाकतो की पडद्यावर जे दाखवता येणार नव्हतं ते कानात दिसतं. तो अख्खा प्रसंग एकाच शॉटमध्ये घेतलाय, कट नाही. कॅमेरा दोघांभोवती फिरत राहतो आणि त्या फिरण्याला वजन देतो तो हा भाता. (किशोरला त्यांचं पहिलं फिल्मफेअर याच गाण्याचं. वादकाला ना बक्षीस, ना तबकडीवर नाव.)

दोन गोष्टी हव्यात. केरसींबद्दल आणखी माहिती, आणि हे वाद्य दुरुस्त कसं करायचं. उजवीकडच्या सहा पट्ट्या मुक्या आहेत आणि डावीकडचा एक सूर भाता हलला की आपोआप भोंऽऽ करतो. काका आता ७६ वर्षांचे आहेत. पेटी खाली आणली तर म्हणाले, “वर ठेव परत.” आणि पेपर वाचत बसले.

खानापूरचा_पाऊस

दादा, पहिल्यांदा एक ऐक. भाता जोरात ओढू नको! आमच्या खानापुरात चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं ही वाद्यं कशी मरतात ते मी बघितलंय. भात्याच्या घड्या पुठ्ठ्याच्या असतात, कोपऱ्यांना चामडं. तीस वर्षं मिटलेला भाता एकदम उघडलास तर घडीवर चीर जाणार, मग बस रडत.

चाचणी सांगतो. दोन्ही कड्या सोड, डावी बाजू धरून हळू उचल, कुठलीही पट्टी दाबू नको. निरोगी वाद्याचा भाता अगदी सावकाश उघडतो. धाडकन खाली आला तर हवा गळतीय. करून बघ आणि कळव.

आणि आडवा ठेवू नको रे बाबा, उभा ठेव, पायांवर. आत सुरांच्या पात्यांवर चामड्याच्या बारक्या पट्ट्या असतात, त्या वाकतात.

गल्लीतला_गवई

वाचनखूण साठवली. काकांना नमस्कार.

तिसरं_गेट

@खानापूरचा_पाऊस, केली चाचणी. भाता मध्यम वेगानं खाली येतो, पण आवाज करत. तोच भोंऽऽ. उभा ठेवलाय.

निपाणीकर_पुण्यात

छान धागा. थोडी भर घालतो आणि थोडं पाणीही घालतो.

हिंदी सिनेमातला अकॉर्डियन म्हटलं की तीन-चार नावं हमखास येतात. गुडी सिरवाई, हे आधीच्या पिढीतले. मग केरसी. आणि आमच्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स, ज्यांच्या नुसत्या अकॉर्डियनवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघरी होत्या. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी एक हॉटेल होतं, तिथं दुपारभर त्याच लागायच्या. हॉटेलवाल्याचं म्हणणं, शब्द असले की गिऱ्हाईक चहा संपवून पण उठत नाही.

आता पाणी. आंतरजालावर कुठल्याही गाण्यात अकॉर्डियन ऐकू आला की खाली कोणीतरी ‘केरसी लॉर्ड ग्रेट!’ लिहून मोकळं होतं. उलट बाजूनं तेच ‘एनॉक ग्रेट!’. त्या काळी तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक, एवढीच नावं. ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओला सकाळी रेकॉर्डिंगला गेलेला वादक संध्याकाळी पाकीट घेऊन घरी यायचा. आपण सकाळी जे वाजवलं ते कुठल्या सिनेमाचं, हेही कधी कधी त्याला ठाऊक नसायचं. त्यामुळे ‘रूप तेरा’ केरसींचं हे पक्कं, पण बाकीच्या गाण्यांबाबत हात आखडता घ्यावा.

पक्कं आणखी एक सांगतो. ‘हम दोनो’ (१९६१) मधलं ‘मैं जिंदगी का साथ निभाता चला गया’, त्यातली ती काचेसारखी किणकिण ग्लॉकेनस्पीलची, आणि ती केरसींची. हा माणूस नुसता अकॉर्डियनवाला नव्हता, हे त्या एका गाण्यात कळतं.

कॅम्पातली_घंटा

आमचे पप्पा चर्चच्या क्वायरला अकॉर्डियन वाजवायचे. घर कॅम्पात. ऑर्गन दुरुस्तीला गेला की पप्पांना बोलावणं यायचं.

लोकांना वाटतं अवघड हात उजवा. उजवा म्हणजे पियानोच, आडवा असतो तो उभा केला, एवढंच. खरी गंमत डाव्याची. १२० बटणं, आणि एकही दिसत नाही! वाद्य छातीवर, हात पट्ट्यात अडकलेला, मान खाली घातली तरी हनुवटीच दिसते. सहा ओळी, प्रत्येकीत वीस. दोन ओळी सुट्या खर्जाच्या, बाकीच्या चारांत एक बटण दाबलं की तयार कॉर्ड, म्हणजे जुळणारे सूर एकदम. शेजारशेजारची बटणं सा-रे-ग अशी नसतात, सा-प अशी असतात. सा च्या शेजारी प, प च्या शेजारी त्याचा प. त्यामुळे गाणं चालताना बोट फार लांब जावंच लागत नाही.

मग अंधारात घर कसं सापडतं? एका बटणाला खळगा असतो. बोटाच्या शेंड्याला तो खळगा लागला की समजायचं, हा सी. तुमच्या पेटीवरची पांढरी एक. पप्पा मला डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, “खळगा शोध.” नंतर कितीतरी वर्षं मी अंधारात लाइटचं बटण शोधताना तेच पुटपुटायचे.

तिसरं_गेट, तुमचा जो सूर आपोआप वाजतो तो कुठला आहे? बटणावरून सांगता येईल का?

रोखठोक_राणू

सगळे हळवे झालेत म्हणून मी जरा वाईटपणा घेतो.

केरसी लॉर्ड थोर, मान्य. पण अकॉर्डियनचा गळा कोणी घोटला? सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर हिंदी सिनेमात आणणाऱ्यांत हेच केरसी पुढं होते. त्यातूनच पुढं सगळे कीबोर्ड आले, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावोगावच्या ऑर्केस्ट्रातून अकॉर्डियन, मेंडोलिन, व्हायोलिन सगळे घरी बसले. तुमचे काका १९८९ ला थांबले म्हणताय. मग हिशोब जुळतो की! ज्याला गुरू मानलं त्यानंच पोटावर पाय दिला.

खानापूरचा_पाऊस

राणूभाऊ आले, धाग्याचं काश्मीर होणार आता 😄

निपाणीकर_पुण्यात

राणू, हे म्हणजे ज्यानं गावात पहिली सायकल आणली त्यानं टांगेवाल्याला मारलं, असं झालं. केरसींना नव्या आवाजाची ओढ होती, बस. बोंगो घरात आले तेव्हा वडिलांनी ढोलकीवाल्यांवर अन्याय केला का?

आणि गावच्या ऑर्केस्ट्राचा विचार कर. अकॉर्डियन दहा-अकरा किलोचा, जर्मनीचा किंवा इटलीचा, बिघडला तर सुटे भाग मिळायचे वांधे. आणि वाजवणारा माणूस घडायला वर्षं लागतात. कॅसिओ काखेत मारून एसटीत बसता येतं आणि त्याच्यात तबला पण असतो. मालकानं काय करावं?

रोखठोक_राणू

मालकानं काय करावं ते मला माहीत नाही. वादकानं काय करावं ते सांगा.

शहापूरची_काळी_चार

उशिरा आलो. मी पेटी वाजवतो, म्हणजे हार्मोनियम. राणूसाहेबांच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडं, पण वाद्याबद्दल बोलू शकतो.

आपलं बेळगाव हे पेटीचं गाव. पं. रामभाऊ विजापुरे इथले, ९३ वर्षांचं आयुष्य, २०१० साली गेले. त्यांच्या हाताखाली किती पिढ्या पेटी शिकल्या, गणती नाही. त्यामुळे इथं लहानपणापासून कान पेटीचे. अकॉर्डियन पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ही पेटी इंग्रजी शाळेत गेलीय.

नातं खरंच सख्ख्या भावंडांचं आहे. दोन्हींत हवेनं थरथरणारी धातूची पाती. पेटीत पितळेची, अकॉर्डियनमध्ये पोलादाची. व्हिएन्नात सिरिल डेमियननं १८२९ मध्ये अकॉर्डियनचं पेटंट घेतलं, पेटी युरोपातून आपल्याकडं येऊन जमिनीवर बसली. तिला बैठक मिळाली, त्याला पट्टे मिळाले. आणि सोवळं-ओवळं दोघांनाही भोगावं लागलं. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) बसत नाहीत, म्हणून. सिनेमावाल्यांना श्रुतींशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे अकॉर्डियन तिकडं सुखात नांदला.

फरक हवेचा. पेटीचा भाता आतल्या दुसऱ्या भात्यात हवा साठवतो, म्हणून सूर सलग, सपाट. अकॉर्डियनमध्ये साठा नाही. हात थरथरला तर सूर थरथरतो, हात दाबला तर सूर रागावतो. ‘रूप तेरा’ मधला जो उसासा म्हणताय तो पट्टीवरच्या बोटाचा नाहीच, तो डाव्या मनगटाचा आहे. पेटीवर मी जन्मभर घासली तरी तो निघणार नाही. तिथं मी केरसींपुढं हात टेकतो.

पण एक गोष्ट आमच्याकडं आहे, त्यांच्याकडं नाही. पेटीला खाली खुंट्या असतात. ओढली की खर्जाचा सूर आपला आपण भरत राहतो, दोन्ही हात मोकळे. अकॉर्डियनला असा सूर लावून ठेवायची सोय नाही. बोट काढलं की संपलं.

दुरुस्तीचं: मुक्या पट्ट्यांचं कारण बहुधा मेण. पाती बसवलेल्या पट्ट्या लाकडावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणानं चिकटवतात. ते वाळून तडकतं, पातं हलतं, आवाज जातो. पेटीवाल्याकडं नेलंत तर आधी विचारा, मेणाचं काम येतं का. माझ्या ओळखीतल्या एकानं आपला अकॉर्डियन असाच एका कारागिराकडं टाकला. त्या पठ्ठ्यानं मेणाच्या जागी सरस भरला आणि सुरात आणायला पाती कानशीनं घासली. पेटीच्या पितळेवर हात बसलेला, पोलादावर तसाच चालवला. आता ते वाद्य शोकेसमध्ये आहे.

कॅम्पातली_घंटा

@शहापूरची_काळी_चार, “पेटी इंग्रजी शाळेत गेलीय” 😂 पप्पा असते तर भांडले असते तुमच्याशी.

@तिसरं_गेट, अहो बटण सांगा ना कुठलं ते.

तिसरं_गेट

उशीर झाला, माफी. सुतकात होतो, मग गणपती आले, मग पाहुणे.

काल रात्री बल्बखाली बसून एकेक बटण बोटानं चाचपलं. आवाज करणारं बटण दबलेलंच आहे, वर येत नाही. आणि त्याला खळगा आहे.

कॅम्पातली_घंटा

म्हणजे सी!! पांढरी एक. गंजलं असेल, किंवा आतला दांडा अडकला असेल. जोर लावू नका हां.

खानापूरचा_पाऊस

म्हणजे हवा गळत नाही, सूर उघडा राहिलाय म्हणून भाता खाली येतोय. दादा, तुझं वाद्य जिवंत हाय की! मोबाइलच्या उजेडात बटणाच्या कडेनं बघ, काही अडकलंय काय. जुन्या वाद्यात झुरळाची अंडीसुद्धा सापडतात.

तिसरं_गेट

मंडळी, सांगायलाच हवं असं घडलंय. जरा सविस्तर लिहितो.

आज दुपारी वाद्य दिवाणखान्यात घेऊन बसलो. काका समोर, पेपर उघडा, पण पान उलटत नव्हते. मी टॉर्च मारला. बटणाच्या आणि भोकाच्या फटीत काहीतरी होतं, काळपट, लाकडासारखं. चिमटा आणायला उठलो तर काका म्हणाले, “काडी आहे ती. काडेपेटीची.”

मी म्हटलं, कुणी घातली?

“मी.”

मग हळूहळू बाहेर आलं. ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम गणेशवंदनेनं सुरू व्हायचा. गाणारे गृहस्थ भजनी मंडळातले, त्यांना पेटीसारखा खाली भरलेला सूर लागायचा, नाहीतर बावरायचे. पेटी वेगळी न्यायची तर टेम्पोत जागा नाही. तेव्हा काकांनी शोध लावला: गुल काढलेली काडी, तिरकी तोडायची, पांढरी एक दाबून फटीत सारायची. सा लागून राहतो. वंदना झाली की नखानं काडी उडवायची आणि हिंदी गाण्यांना लागायचं. (@शहापूरची_काळी_चार, तुमची खुंटी त्यांनी चार आण्याच्या काडेपेटीत बसवली होती.)

मी विचारलं, मग ही राहिली कशी?

१९८९ चा गणपती, गाव नाही सांगत. मालकानं दोन दिवस आधी नवा कीबोर्ड आणि तो वाजवणारा कॉलेजचा पोरगा आणला होता. काकांना सांगितलं नव्हतं. वंदना काकांनी वाजवली. दुसऱ्या गाण्याला मालकानं विंगेतून खूण केली, की तुम्ही बसा आता, हा वाजवेल. काकांनी कड्या लावल्या, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. काडी काढायची राहिली. त्या रात्रीचे पैसेही राहिले ते राहिलेच.

दुसरं गाणं कुठलं होतं, हे मी विचारलं नाही. तुम्ही ओळखलं असेल.

@रोखठोक_राणू, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. मला वाटलं चिडतील. म्हणाले, “केरसीला दोन्ही यायचं. मला एकच यायचं. यात त्याचं काय चुकलं?” मग थोड्या वेळानं, “पोरगा बरा वाजवत होता. पण श्वास घेत नव्हता. त्या वाद्याला नाकच नाही.”

रोखठोक_राणू

काकांना माझा नमस्कार सांगा. शब्द मागे घेतो. मालकाबद्दलचे नाही.

शहापूरची_काळी_चार

दोनदा वाचलं. तिरकी तोडलेली काडी! आम्ही इथं परंपरेवर लेख लिहीत बसतो.

मेणाच्या कामासाठी मिरजेला एकांना विचारून ठेवतो, तंतुवाद्यवाले आहेत पण त्यांच्या माहितीत कोणी असेल. तोवर मुक्या पट्ट्यांना हात लावू नका. ३५ सूर वाजतायत ना? ‘रूप तेरा’ ला पुष्कळ झाले.

कॅम्पातली_घंटा

तिसरं_गेट, काडी काढली का शेवटी?

तिसरं_गेट

काढली. काकांनीच, नखानं. एका झटक्यात बटण टक्‌ करून वर आलं.

मग पट्टे खांद्यावर चढवून मागितले. डावा हात पट्ट्यात सारला, पण बोटं आता वाकतात, १२० बटणांपर्यंत पोचेनात. डावीकडचं काही वाजवलंच नाही. नुसता भाता ओढला, उजव्या हातानं चार सूर. दोन मुके निघाले, तिथं तोंडानं म्हणाले. काकू आतून ओरडल्या, “टीव्हीचा आवाज कमी करा की!”

काडी शर्टाच्या खिशात ठेवलीय. धुवायला टाकताना बघून टाका, असं काकूंना सांगितलंय.